पत्ता माहीत असलेलं औषध

खानदेशातल्या नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकले, पुढे अमेरिकेत येऊन इंडियाना विद्यापीठाचे पीएच.डी. झाले आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. २०२० मध्ये त्यांचं निधन झालं. आपल्यापैकी फार थोड्यांनी त्यांचं नाव ऐकलं असेल. पण तुमच्या-आमच्या ओळखीतल्या एखाद्या बाईला अंडाशयाच्या, म्हणजे ओव्हरीच्या कर्करोगासाठी केमो घ्यावी लागली असेल, तर तिच्या शिरेतून गेलेल्या औषधांपैकी एक बहुधा वॉल आणि वाणी या जोडीनं शोधलेलं होतं.

त्या औषधापासून आजच्या लक्ष्यवेधी औषधांपर्यंतचा साठेक वर्षांचा प्रवास सांगावा, म्हणून हा लेख. यात थोडं रसायनशास्त्र आहे, थोडं जीवशास्त्र आहे. पण ही गोष्ट शेवटी येऊन थांबते ती आपल्या घरातल्या एका जुन्या सवयीपाशी. आजीला किंवा आत्याला नेमकं काय झालं होतं, ते कुणालाही न सांगण्याची सवय!

हा आजार इतका अवघड का?

अंडाशय पोटाच्या पोकळीत खोलवर असतात. तिथे गाठ वाढू लागली तरी बाहेरून काही कळत नाही. पोट फुगल्यासारखं वाटणं, चार घासात पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला जावं लागणं, ही लक्षणं अशी की कुणीही ॲसिडिटी किंवा वय म्हणून सोडून द्यावीत. त्यामुळे निदान होतं तेव्हा बहुतेक वेळा आजार पसरलेला असतो.

त्याची पसरण्याची रीतही निराळी आहे. बरेचसे कर्करोग रक्तातून किंवा लसिका ग्रंथींतून दूर जातात. या रोगाच्या पेशी मात्र मूळ गाठीपासून सुटतात, पोटातल्या द्रवात तरंगतात आणि पोटाच्या अस्तरावर, आतड्यांच्या बाहेरून, आतड्यांपुढे पदरासारख्या लोंबणाऱ्या चरबीच्या थरावर जाऊन रुजतात. वाफ्यात बी फेकावं तशा. मग पोटात पाणी साठू लागतं. आपल्या जुन्या वैद्यकात ज्याला जलोदर म्हणत, त्याचं हे एक कारण. शिवाय अलीकडच्या संशोधनातून असंही दिसलं आहे की या रोगाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात सुरुवात पुष्कळदा अंडाशयात नव्हे, तर शेजारच्या बीजवाहिनीच्या टोकाला होते.

मग मॅमोग्रामसारखी एखादी तपासणी सरसकट सगळ्या बायकांची का करत नाहीत? तोही प्रयत्न झाला. १९८१ मध्ये डॉ. रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीए-१२५ या खुणेचा शोध जाहीर केला. ती रक्तात मोजता येऊ लागली आणि उपचार चालू असलेल्यांच्या देखरेखीसाठी फार उपयोगी ठरली. पण ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षं चाललेल्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला, तेव्हा अशा सरसकट तपासणीनं मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणूनच पसरलेल्या रोगाला रोखून कसं धरायचं, हा प्रश्न इतका महत्त्वाचा ठरला.

प्लॅटिनम आणि झाडाची साल

पहिलं मोठं औषध योगायोगानं सापडलं. मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे विजेच्या प्रवाहाचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू मरेनात, पण त्यांचं विभाजन थांबलं आणि ते दोऱ्यासारखे लांबच लांब वाढत गेले. शोध घेतल्यावर कळलं की ही किमया विजेची नाही. विजेची अग्रं प्लॅटिनमची होती आणि त्या धातूपासून द्रावणात तयार झालेलं संयुग पेशींचं विभाजन रोखत होतं. हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं. तेच संयुग पुढे सिसप्लॅटिन या नावानं १९७८ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झालं, अंडकोशाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगासाठी. त्याचं सौम्य भावंड कार्बोप्लॅटिन आजही या आजारातल्या उपचाराचा कणा आहे.

दुसरं औषध झाडातून आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं हजारो वनस्पती तपासायची मोहीम हाती घेतली होती. त्यासाठी आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९६२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली. ती वॉल आणि वाणी यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली. सालीत औषधाचं प्रमाण नगण्य आणि रेणू विलक्षण गुंतागुंतीचा. त्याची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. हेच ते टॅक्सॉल. त्याआधी, १९६६ मध्ये, याच जोडीनं एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं होतं. त्यापासून बनवलेलं टोपोटेकान १९९६ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठीच मान्य झालं. एकाच आजारासाठीच्या दोन औषधांच्या मुळाशी नंदुरबारच्या या माणसाचा हात आहे!

टॅक्सॉल बरीच वर्षं कपाटातच राहिलं. न्यूयॉर्कच्या डॉ. सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये त्याची काम करण्याची तऱ्हा उलगडली. पेशी दुभंगताना आत सूक्ष्म नळ्यांचा एक सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडला जातो. टॅक्सॉल तो मोडूच देत नाही. मांडव काढता आला नाही तर पुढचं कार्य अडतं, तशी पेशी अडकून पडते. १९८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी सांगितलं की इतर उपचार थकलेल्या दर १० रुग्णांपैकी सुमारे तिघींच्या गाठी या औषधानं लहान झाल्या. मागणी वाढली आणि नवा पेच उभा राहिला. साल काढली की झाड मरतं, आणि एकेका रुग्णासाठी अनेक झाडं लागत. शेवटी यूच्या दुसऱ्या जातीच्या पानांतून कच्चा माल मिळवून अर्धकृत्रिम टॅक्सॉल तयार करायची रीत सापडली. पानं पुन्हा फुटतात, त्यामुळे झाडंही वाचली. डिसेंबर १९९२ मध्ये टॅक्सॉलला पहिली मान्यता मिळाली, तीही अंडाशयाच्या कर्करोगासाठी. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिसप्लॅटिनबरोबर टॅक्सॉल दिल्यावर मध्यम आयुर्मान २४ महिन्यांवरून ३८ महिन्यांवर गेलं.

हा मोठा पल्ला होता. पण ही दोन्ही औषधं आंधळी. वाढणारी पेशी दिसली की मारायची, मग ती गाठीची असो, केसांच्या मुळाची असो की अस्थिमज्जेची. शिवाय बहुतेक जणींचा आजार एक-दोन वर्षांत परत येई. आता गरज होती ती पत्ता माहीत असलेल्या औषधाची.

रसद तोडण्याचा डाव

शत्रूची रसद तोडायची, हा डाव मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. बॉस्टनचे शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये हाच विचार कर्करोगाबद्दल मांडला. गाठीला वाढायला रक्त लागतं, म्हणून ती नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. तेव्हा वाहिन्याच फुटू दिल्या नाहीत तर? अनेक वर्षं या कल्पनेकडे संशयानं पाहिलं गेलं.

१९८३ मध्ये बॉस्टनच्याच हॅरॉल्ड ड्वोरॅक यांच्या गटाला गाठीच्या पेशींतून पाझरणारं एक प्रथिन आढळलं. त्यानं रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि पोटात पाणी साठतं. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलिओन फेरारा यांनी वाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं केलं, आणि ही दोन्ही एकच निघाली! जलोदर आणि गाठीची रसद यांचं मूळ एकच. या प्रथिनाला बांधून ठेवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी बाजारात आलं.

अंडाशयाच्या कर्करोगातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या चाचणीत केमोबरोबर आणि नंतरही हे औषध दिल्यावर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ १०.३ महिन्यांवरून १४.१ महिन्यांवर गेला. एकंदर आयुष्य मात्र सर्वांच्या सरासरीत वाढलं नाही. चार महिन्यांची उसंत मिळाली. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना या चार महिन्यांची किंमत सांगायला नको. पण शास्त्रज्ञांचं समाधान एवढ्यानं होणार नव्हतं.

वंशावळीतून सापडलेलं जनुक

दरम्यान दुसऱ्याच दिशेनं एक शोध चालला होता. काही घराण्यांत कर्करोग पिढ्यानपिढ्या दिसतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्येच नोंदवलं होतं, तेही स्वतःच्या पत्नीच्या कुटुंबाबद्दल. नेब्रास्कातल्या ओमाहाचे डॉ. हेन्री लिंच यांनी १९६० नंतर कुटुंबांच्या वंशावळी चिकाटीनं लिहून घेतल्या. काही घरांत स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग जोडीनं येतो, हे त्यांनी दाखवलं. त्या काळी कर्करोग वातावरणातून येतो असा सर्वसाधारण समज होता. त्यामुळे त्यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

बर्कलीच्या मेरी-क्लेअर किंग यांनी घेतलं. १९७४ पासून १६ वर्षं त्या याच प्रश्नामागे होत्या. २३ कुटुंबं आणि त्यांतले स्तनाच्या कर्करोगाचे १४६ रुग्ण, एवढ्या नोंदींच्या आधारे १९९० मध्ये त्यांनी जाहीर केलं की यामागचं एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. तेच बीआरसीए-१. १९९४ मध्ये युटाच्या गटानं ते नेमकं शोधून काढलं. पाठोपाठ बीआरसीए-२ ब्रिटनमध्ये मायकेल स्ट्रॅटन यांच्या गटाला सापडलं. युटाच्या कंपनीनं या जनुकांवर पेटंट घेतलं आणि अमेरिकेत चाचणी महाग राहिली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निसर्गातल्या जनुकावर कुणाची मालकी असू शकत नाही असा निकाल दिला, तेव्हा हा मार्ग मोकळा झाला.

ही जनुकं मुळात आपली रखवालदार आहेत. डीएनएची दुहेरी साखळी तुटली की ती नीट सांधण्याचं काम ती करतात. त्यांत बिघाड असेल तर धोका वाढतो. सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यात अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात एक-दोन इतकीच असते. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार वयाच्या ८० वर्षांपर्यंत ती बीआरसीए-१ च्या बिघाडात सुमारे ४४ टक्के आणि बीआरसीए-२ च्या बिघाडात सुमारे १७ टक्के असते.

दोन घाट

आता या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग. पुण्याहून कोकणात उतरायला वरंध घाट आहे आणि ताम्हिणी घाट आहे. पावसाळ्यात दरड कोसळून एक बंद झाला, तर माणसं दुसऱ्यानं जातात. दोन्ही बंद झाले तर (क्षणभर कोकणात उतरायला एवढेच दोन घाट आहेत असं धरू या) गाडी वरच अडकते.

पेशीतल्या डीएनएच्या दुरुस्तीचंही असंच आहे. एक घाट बीआरसीएचा. दुसऱ्या घाटावर पार्प नावाचं प्रथिन काम करतं आणि साखळीच्या एकेरी तुटीची डागडुजी सांभाळतं. बीआरसीएचा बिघाड वारशानं आलेल्या स्त्रीच्या निरोगी पेशींत त्या जनुकाची दुसरी, चांगली प्रत असते, म्हणजे पहिला घाट चालू असतो. गाठीच्या पेशींनी मात्र ती चांगली प्रतही गमावलेली असते. आता औषधानं पार्पचा घाट बंद केला तर काय होईल? निरोगी पेशी पहिल्या वाटेनं निभावून नेतील, गाठीची पेशी मात्र अडकून मरेल. म्हणजे रोगाची सुरुवात ज्या दोषातून झाली, तोच दोष त्याच्या मुळावर येईल! दोन दोष एकत्र आल्यावरच घातक ठरतात, ही गोष्ट फळमाशांच्या प्रयोगांत १९२२ मध्येच दिसली होती. तिचा उपचारात असा उपयोग होईल असं तेव्हा कुणाला वाटलं असेल?

एप्रिल २००५ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात ब्रिटनमधल्या दोन गटांचे निबंध आले, एक ॲलन ॲशवर्थ यांच्या गटाचा आणि दुसरा थॉमस हेलेडे यांच्या गटाचा. दोघांनीही हेच दाखवलं. पार्प रोखणारं औषध केंब्रिजच्या स्टीव्ह जॅक्सन यांनी स्थापन केलेल्या एका छोट्या कंपनीकडे तयार होतं. रुग्णांवरची पहिली चाचणी लवकरच सुरू झाली. २००९ मध्ये ६० रुग्णांवरचा अहवाल आला. ज्यांच्यात बीआरसीएचा बिघाड होता त्यांच्यातच गाठी आकसल्या होत्या. औषधाचं नाव ओलापॅरिब. सलाइन नाही, रोज घरी घ्यायचं औषध.

टाकून दिलेलं औषध परत येतं

पण वाट सरळ नव्हती. २०११ हे वर्ष या औषधांना वाईट गेलं. पार्परोधक म्हणून गाजलेलं इनिपॅरिब हे दुसरं एक औषध स्तनाच्या कर्करोगाच्या मोठ्या चाचणीत अपयशी ठरलं. पुढे कळलं की ते खऱ्या अर्थानं पार्प रोखतच नव्हतं. पण तोवर सगळ्या वर्गाची पत गेली होती. ओलापॅरिबच्या २६५ स्त्रियांवरच्या चाचणीत आजार थोपवण्याचा काळ ४.८ महिन्यांवरून ८.४ महिन्यांवर गेला, पण एकंदर आयुष्य वाढल्याचं दिसेना. डिसेंबर २०११ मध्ये कंपनीनं अंडाशयाच्या कर्करोगासाठीचा पुढचा विकास थांबवला.

मग काही संशोधकांनी त्याच नोंदी पुन्हा उघडल्या. या २६५ जणींपैकी बीआरसीएचा बिघाड कुणाकुणात होता? त्यांचाच वेगळा हिशेब मांडल्यावर आकडे बदलले, ४.३ महिन्यांऐवजी ११.२ महिने! सगळ्यांच्या सरासरीत खरा परिणाम बुडून गेला होता. औषधाला पत्ता होता, पण तो न विचारताच ते वाटलं गेलं होतं. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीनं ११ विरुद्ध २ मतांनी आणखी पुरावा मागितला. तरी डिसेंबर २०१४ मध्ये युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे मान्यता मिळाली.

खरा निकाल २०१८ मध्ये लागला. नव्यानं निदान झालेल्या, बीआरसीएचा बिघाड असलेल्या आणि पहिल्या केमोला प्रतिसाद दिलेल्या ३९१ स्त्रियांची ही चाचणी होती. तीन वर्षांनी आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ओलापॅरिब घेणाऱ्यांत ६० टक्के होतं, न घेणाऱ्यांत २७ टक्के. सात वर्षांनी पाहिलं तर औषध घेतलेल्यांपैकी ६७ टक्के हयात होत्या, दुसऱ्या गटात सुमारे ४६ टक्के. या आजारात असे आकडे पूर्वी कुणी पाहिले नव्हते.

एवढ्यानं रोग जिंकला असं नाही. या औषधांनी रक्तक्षय आणि मळमळ होते, क्वचित रक्ताचा गंभीर विकारही होतो. २०२२ मध्ये पार्परोधकांचे काही उपयोग मागे घेण्यात आले, कारण आधीच अनेकदा केमो झालेल्या स्त्रियांना त्यानं फायद्याऐवजी तोटा होत असल्याची शंका आली. ज्यांच्या गाठीत दुरुस्तीचा हा दोष नाही, त्यांना लाभही कमी. त्यांच्यासाठी दुसरे पत्ते शोधणं चालू आहे. उदाहरणार्थ, गाठीच्या पेशीवरच्या फोलेटच्या कडीला जाऊन चिकटणारं आणि केमो थेट आत पोहोचवणारं एक औषध अमेरिकेत २०२२ मध्ये सशर्त आणि २०२४ मध्ये पूर्णपणे मान्य झालं.

आणि आपल्या घरी?

इथवर वाचलंत तर एक गोष्ट लक्षात आली असेल. लिंच आणि किंग यांच्या हाती आधी आले ते कागदावर लिहिलेले नातेसंबंध. कुणाची आई, कुणाची बहीण, कुठल्या वयात, कशानं गेली. ती कुटुंबं बोलली म्हणून जनुक सापडलं आणि जनुक सापडलं म्हणून औषध.

आपल्याकडे काय होतं? आजी “पोटाच्या विकारानं” गेली. आत्याला “गाठ झाली होती”. काकूला “बरं नव्हतं”. घरात लग्नाच्या मुली असत, लोक काय म्हणतील ही धास्ती असे, आणि “कॅन्सर” हा शब्द उंबऱ्याबाहेर जात नसे. त्या बायकांनी दुखणं सोसलं आणि नावही न घेता गेल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा कळून करण्यासारखं फारसं नव्हतंही. आज आहे. बिघाड सापडला तर मुलंबाळं झाल्यावर अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून धोका पुष्कळ कमी करता येतो. आजार झालाच तर कुठलं औषध लागू पडेल हे ठरवता येतं. म्हणूनच अंडाशयाचा कर्करोग झालेल्या प्रत्येक स्त्रीची जनुकीय चाचणी करावी, असं अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, घरात आधी कुणाला असो वा नसो.

इथे राहणाऱ्या आपल्या मुलींना डॉक्टरांचा फॉर्म भरताना कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात लिहायला बऱ्याचदा काहीच नसतं. माहिती भारतात, तीही दोन-चार वृद्ध माणसांच्या आठवणीत. तेव्हा पुढच्या फोनवर किंवा पुढच्या भारतभेटीत मावशीला, काकांना विचारा. कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का? कितव्या वर्षी? जुने रिपोर्ट कुठे आहेत का? आणि हे दोन्ही बाजूंना विचारा. हा वारसा बापाकडूनही तितकाच येतो, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी. आत्या म्हणूनच महत्त्वाची.

विम्याची भीती अनेकांना असते. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानं जनुकीय माहितीवरून आरोग्यविमा किंवा नोकरी नाकारता येत नाही. आयुर्विम्याला आणि वृद्धापकाळातल्या शुश्रूषेच्या विम्याला मात्र हे संरक्षण नाही, म्हणून चाचणीआधी जनुकीय समुपदेशकाशी बोलून घ्यावं. हा लेख म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. निर्णय आपल्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा आहे. पण त्यांना सांगण्याजोगी माहिती घरातल्या मोठ्यांकडून आपणच गोळा करायला हवी, आणि ती माणसं सांगायला आहेत तोवरच.